सेवा-क्लबच्या सभेतील अतिथी वक्ता : परंपरा, स्वरूप आणि महाविद्यालयीन अध्यापक

प्रस्तावना :

तालुक्याच्या गावी अध्यापन करणाऱ्या प्राध्यापकाला आपल्या सेवाकाळात केव्हा ना केव्हा एक दूरध्वनी हमखास येतो. ‘‘सर, येत्या गुरुवारी आमच्या क्लबची सभा आहे. वीस-पंचवीस मिनिटे काहीतरी बोला. विषय तुमच्या आवडीचा.’’ आमंत्रण देणारा बहुधा आपला परिचित असतो. गावातील डॉक्टर, औषध-दुकानदार किंवा आपल्याच महाविद्यालयाचा माजी विद्यार्थी. नाही म्हणण्याचे कारण नसते. आपण जातो, बोलतो, शाल, श्रीफळ व स्मृतिचिन्ह स्वीकारतो, आग्रहाचे जेवण घेऊन घरी परततो. त्या भाषणातून पुढे काय झाले, हा प्रश्न क्लब विचारीत नाही आणि वक्ताही विचारीत नाही.

रोटरी, लायन्स यांसारख्या सेवा-क्लबच्या सभेतील अतिथी वक्ता हा विषय वरवर पाहता किरकोळ वाटेल. तथापि लहान शहरातील महाविद्यालय आणि तेथील व्यावसायिक वर्ग यांची समोरासमोर भेट घडविणाऱ्या ज्या थोड्या जागा आहेत, त्यांपैकी ही एक आहे. प्रस्तुत लेखात अतिथी वक्त्याची प्रथा का निर्माण झाली, आपल्याकडील व्याख्यानपरंपरेपेक्षा ती कोणत्या बाबतीत वेगळी आहे आणि महाविद्यालयीन अध्यापकाने तिच्याकडे कसे पाहावे, याचे विवेचन करण्याचा प्रयत्न केला आहे. हे सर्वेक्षण नव्हे. या संघटनांचा ज्ञात इतिहास आणि श्रोता व वक्ता या दोन्ही नात्यांनी प्रस्तुत लेखकास आलेला अनुभव, हा या विवेचनाचा आधार आहे.

१) सेवा-क्लबचा उगम आणि वक्त्याची गरज :

२३ फेब्रुवारी १९०५ रोजी शिकागो येथे पॉल हॅरिस या वकिलाने आपल्या तीन परिचितांसह जी बैठक घेतली, ती रोटरीची पहिली बैठक मानली जाते. उरलेल्या तिघांपैकी एक कोळशाचा व्यापारी, एक खाण-अभियंता आणि एक शिंपीकाम करणारा व्यावसायिक होता. प्रत्येक वेळी निरनिराळ्या सदस्याच्या कार्यालयात आळीपाळीने जमायचे, या पद्धतीवरून ‘रोटरी’ हे नाव पडले. एका व्यवसायाचा एकच प्रतिनिधी घ्यावा, असा या क्लबचा आरंभीचा दंडक होता. परस्परांच्या धंद्याला साहाय्य हा प्रारंभीचा हेतू लवकरच मागे पडून सार्वजनिक सेवेचा विचार पुढे आला. शिकागो शहरात सार्वजनिक स्वच्छतागृह व्हावे यासाठी १९०७ मध्ये या क्लबने केलेली खटपट हे त्याचे पहिले ठळक उदाहरण होय. पुढे १९१५ मध्ये डेट्रॉइट येथे किवानिस आणि १९१७ मध्ये मेल्विन जोन्स यांच्या पुढाकाराने शिकागो येथे लायन्स या संघटना उदयास आल्या. भारतात रोटरीचा पहिला क्लब १९१९ मध्ये कोलकाता येथे, मुंबईचा क्लब १९२९ मध्ये, तर लायन्सचा पहिला क्लब १९५६ मध्ये मुंबई येथे स्थापन झाला.

‘एका व्यवसायाचा एक प्रतिनिधी’ या दंडकातच व्याख्यानाच्या प्रथेचे मूळ आहे. सभेत बसलेला प्रत्येक जण निराळ्या धंद्यातला असल्यामुळे त्याच्याजवळ इतरांना ठाऊक नसलेले काहीतरी असतेच. म्हणून नव्या सदस्याने आपल्या व्यवसायाची ओळख करून देणारे भाषण करावे, अशी रीत पडली. परंतु दर आठवड्यास सभा म्हटली की वर्षाच्या बावन्न सभा होतात. तीस-चाळीस सदस्यांच्या क्लबमध्ये प्रत्येकाने एकेकदा बोलून झाले तरी वर्ष पुरे होत नाही. दुसऱ्या वर्षी तर तेच भाषण पुन्हा ऐकविण्यात अर्थ नसतो. साहजिकच बाहेरच्या वक्त्याची गरज निर्माण झाली आणि वक्ता शोधणे हे कार्यक्रम समितीचे नित्याचे काम होऊन बसले. रोटरीने २०१६ मध्ये आपल्या नियमांत शिथिलता आणून महिन्यातून किमान दोन सभांची मुभा दिली, तरी वक्त्याचा शोध काही संपलेला नाही.

या वक्त्याने काय बोलू नये, याविषयीही संकेत आहेत. लायन्सच्या उद्दिष्टांत सार्वजनिक हिताच्या सर्व विषयांवर मोकळ्या चर्चेसाठी व्यासपीठ उपलब्ध करून देण्याचा उल्लेख आहे. मात्र पक्षीय राजकारण व सांप्रदायिक धर्म हे विषय सदस्यांच्या वादचर्चेतून वगळले आहेत. या मर्यादेमुळे क्लबमध्ये सर्व पक्षांची माणसे एका टेबलावर बसू शकतात, हा तिचा लाभ. गावातील अनेक खरे प्रश्न ‘राजकीय’ ठरवून टाळले जातात, हा तिचा तोटा. पाणी, रस्ते, अतिक्रमण यांवर बोलणाऱ्या वक्त्याला ही सीमारेषा सतत जाणवत राहते.

२) १९२५ मधील दोन भाषणे :

अतिथी वक्त्याच्या भाषणाने काय साधू शकते, हे पाहण्यासाठी एकाच वर्षातील दोन भाषणांचा विचार उद्बोधक ठरेल.

३० जून १९२५ रोजी अमेरिकेतील ओहायो राज्यात सीडर पॉइंट येथे भरलेल्या लायन्सच्या आंतरराष्ट्रीय अधिवेशनात हेलन केलर यांचे भाषण झाले. वयाच्या एकोणिसाव्या महिन्यात दृष्टी आणि श्रवणशक्ती गमावलेल्या केलर त्या काळात अंधांसाठी काम करणाऱ्या एका राष्ट्रीय संस्थेच्या वतीने देशभर हिंडत होत्या. त्यांनी लायन्सपुढे स्वतःची जीवनकथा मांडून सहानुभूती मिळविण्यावर समाधान मानले नाही. अंधांसाठीचे कार्य या संघटनेने आपले मानावे, अशी स्पष्ट मागणी त्यांनी केली. लायन्सने ती स्वीकारली. आज आपल्या गावांत लायन्स क्लबच्या नावाने नेत्रतपासणी व मोतीबिंदू शस्त्रक्रियेची जी शिबिरे भरतात, त्यांचा धागा त्या भाषणापर्यंत पोहोचतो. हे अधिवेशन होते, एखाद्या गावची साप्ताहिक सभा नव्हती, हे खरे. परंतु श्रोतृवर्ग तोच होता : विमा, व्यापार, वकिली, वैद्यकी यांत गुंतलेली, भाषणानंतर आपापल्या कामाला लागणारी माणसे.

त्याच वर्षी ऑगस्ट महिन्यात महात्मा गांधी यांनी कोलकात्याच्या रोटरी क्लबपुढे चरख्याविषयी भाषण केले. व्यापार-उद्योगातील प्रतिष्ठितांच्या या सभेत चरखा हा विषय उपराच वाटावा. परंतु गांधीजींच्या चरख्यामागे एक आर्थिक मांडणीही होती. शेतकऱ्याला वर्षातील काही महिने सक्तीने रिकामे बसावे लागते. त्या काळात घरबसल्या करता येईल असा पूरक उद्योग त्याला हवा, हे सूत्र व्यापाऱ्याला समजणाऱ्या भाषेतलेच आहे. रोटरीने चरखा हाती घेतला नाही, हे उघड आहे. तरीही आपल्याशी सहमत नसलेल्या श्रोत्यांपुढे जाऊन त्यांच्या परिचयाच्या परिभाषेत आपला विषय मांडता येतो, याचे हे उदाहरण आहे.

या दोन भाषणांतून दोन गोष्टी हाती लागतात. समोर कोण बसले आहे हे ओळखून विषयाची भाषा निवडणे, ही एक. ऐकणाऱ्यांना जे करणे शक्य आहे, नेमके तेच त्यांच्याकडे मागणे, ही दुसरी. आपल्या क्लबमधील बहुसंख्य भाषणांत पहिली गोष्ट थोडीफार आढळते. दुसरी जवळजवळ आढळतच नाही.

३) मराठी व्याख्यानपरंपरा आणि क्लबची सभा :

महाराष्ट्राला व्याख्यान नवे नाही. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्या प्रेरणेने १८७५ मध्ये पुण्यात सुरू झालेली वसंत व्याख्यानमाला ही या परंपरेची अग्रणी होय. तिच्या धर्तीवर गावोगावी व्याख्यानमाला सुरू झाल्या. त्यांपैकी कित्येक आजही चालू आहेत. विद्यापीठांच्या पातळीवर केंब्रिज विद्यापीठाने १८७३ मध्ये औपचारिकपणे सुरू केलेल्या बहिःशाल व्याख्यानांचा आदर्श आपल्यापुढे होता. आपल्या विद्यापीठांच्या बहिःशाल शिक्षण मंडळांनी ग्रामीण भागात प्राध्यापकांना व्याख्याते म्हणून धाडले. पुणे विद्यापीठाची डॉ. जयकर व्याख्यानमाला हे त्याचे परिचित उदाहरण.

मात्र व्याख्यानमाला आणि क्लबची सभा यांत एक मूलभूत भेद आहे. व्याख्यानमालेत श्रोता वक्त्यासाठी येतो. विषय आधी जाहीर झालेला असतो आणि ज्याला रस नाही तो घरी राहतो. क्लबमध्ये श्रोता क्लबसाठी आलेला असतो. वक्ता त्याच्याकडे जातो. त्याला मित्रांना भेटायचे असते, उपस्थिती नोंदवायची असते, पुढील शिबिराचे नियोजन करायचे असते. व्याख्यान हा त्या संध्याकाळचा एक भाग, आणि अनेकदा सर्वांत लवचीक भाग असतो. वेळ कमी पडला की कात्री तेथेच लागते.

याच कारणास्तव क्लबचा श्रोता अध्यापकाच्या दृष्टीने अधिक मोलाचा आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. आपल्या विषयात ज्याला मुळातच रुची आहे, त्याच्यापर्यंत पोहोचण्याचे मार्ग पुष्कळ आहेत. भूजल, कुपोषण, ग्राहक-कायदा किंवा बोलीभाषा यांवरील व्याख्यानाला आपणहून कधीच न येणारा बांधकाम व्यावसायिक, सराफ किंवा वाहतूकदार मात्र आपल्याला येथेच भेटतो. गावातील अनेक निर्णय ही माणसे घेत असतात.

४) सभेची घडण आणि वेळेचे गणित :

नवख्या वक्त्याने क्लबच्या सभेची घडण समजून घेणे आवश्यक आहे. अध्यक्ष घंटा वाजवून सभेस प्रारंभ करतात. प्रार्थना वा राष्ट्रगीत, रोटरीच्या अनेक क्लबमध्ये ‘चतुःसूत्री कसोटी’चे वाचन, मागील सभेचा वृत्तान्त, सदस्यांचे वाढदिवस व विवाहाचे वाढदिवस, सचिवांच्या सूचना, पाहुण्यांचा परिचय, सत्कार आणि त्यानंतर व्याख्यान असा क्रम असतो. शेवटी प्रश्नोत्तरे, आभार आणि भोजन. रात्री आठची सभा साडेआठला सुरू झाली, तर व्याख्यानाची वेळ सव्वानऊला येते. तोपर्यंत शेजारच्या दालनातून जेवणाचा वास येऊ लागलेला असतो. पन्नास मिनिटांच्या तासिकेची सवय असलेला अध्यापक या ठिकाणी गोंधळतो, यात नवल नाही.

दुसरे गणित वर्षाचे आहे. रोटरी व लायन्स या दोन्ही संघटनांचे वर्ष १ जुलै ते ३० जून असे असते. दरवर्षी अध्यक्ष व सचिव बदलतात. पदग्रहण समारंभानंतर नवे पदाधिकारी नव्या उत्साहाने कामाला लागतात. एप्रिल-मे महिन्यात भाषण ऐकून मावळत्या अध्यक्षांनी दिलेले आश्वासन जुलैत कोणाच्या स्मरणात राहत नाही. भाषणातून काही काम उभे राहावे अशी अपेक्षा असेल, तर ते ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास होणे हिताचे. हा भेद क्षुल्लक दिसतो. परंतु कित्येक चांगल्या कल्पना केवळ जूनअखेरीमुळे विरून गेल्या आहेत.

५) एक अनुभव :

प्रस्तुत लेखक भूगोल विषयाचा अध्यापक आहे. काही वर्षांपूर्वी अवर्षणप्रवण तालुक्यातील एका क्लबने भूजल या विषयावर बोलण्यास पाचारण केले. लेखकाने अडतीस चित्रफलकांचे सादरीकरण तयार केले. महाराष्ट्राच्या सुमारे चार-पंचमांश भूभागाखाली असलेला बेसॉल्ट खडक, त्याचे थर, त्यांतील भेगा, पुनर्भरण, उपसा असा सर्व विस्तार त्यात होता. सभा उशिरा सुरू झाली, मध्ये दोन सत्कार झाले आणि प्रत्यक्षात बारा मिनिटे मिळाली. लेखकाने चित्रफलक भराभर पुढे सरकवले. शेवटी एका सदस्याने विचारले, ‘‘सर, आमच्या गल्लीत बोअरला किती फुटांवर पाणी लागेल?’’ लेखकाजवळ उत्तर नव्हते. सभेत हलके हास्य पिकले, टाळ्या झाल्या, स्मृतिचिन्ह मिळाले.

वेळ कमी मिळाल्याची तक्रार लेखकाने पुढे अनेक दिवस सहकाऱ्यांजवळ केली. वस्तुतः चूक लेखकाचीच होती. सभेतील खरा प्रश्न तोच होता आणि अडतीस चित्रफलकांत त्याला स्पर्शही झालेला नव्हता.

तीन वर्षांनी त्याच क्लबने पुन्हा बोलाविले. यावेळी लेखकाने एकच कागद नेला. महाविद्यालयाच्या परिसरातील काही विहिरींची पाणीपातळी विद्यार्थ्यांनी ऑक्टोबर व मे महिन्यांत मोजली होती. त्याचा तक्ता त्यावर होता. दहा मिनिटांत तो समजावून सांगितला आणि एवढेच मागितले, की सदस्यांनी आपल्या घरची वा शेतातील विहीर वर्षातून दोनदा विद्यार्थ्यांना मोजू द्यावी. तेव्हा मागच्या रांगेतील, बोअर घेण्याची यंत्रे चालविणारे एक सदस्य उठले. ते म्हणाले, ‘‘सर, मी घेतलेल्या प्रत्येक बोअरची वही माझ्याकडे आहे. किती फुटांवर मुरूम संपला, किती फुटांवर पाणी लागलं, कोणती कोरडी गेली, सगळं लिहिलेलं आहे. आजवर कुणी मागितलंच नाही.’’

ती वही लेखकाने पाहिली. तीत कोरड्या गेलेल्या बोअरच्याही नोंदी होत्या. अभ्यासाच्या दृष्टीने त्यांचे मोल पाणी लागलेल्या बोअरइतकेच असते. परंतु कोरड्या बोअरची नोंद मालक सहसा ठेवीत नाही. विद्यार्थ्यांनी त्या नोंदी गावाच्या नकाशावर उतरविण्यास आरंभ केला. पहिल्या सभेतील त्या गल्लीच्या प्रश्नाला छातीठोक उत्तर आजही देता येणार नाही. खडकातील भेगा नकाशा पाहून वाहत नाहीत. पण त्या गल्लीत आजवर काय घडले, हे आता सांगता येते आणि नव्या बोअरवर पैसे घालण्यापूर्वी माणूस थोडा थांबतो.

या अनुभवाने लेखकाची एक समजूत बदलली. आपण ज्ञान घेऊन जातो आणि श्रोते ते स्वीकारतात, असे आपण मानतो. क्लबच्या सभेत मात्र प्रत्येक श्रोता एका व्यवसायात वक्त्याहून अधिक जाणकार असतो. ‘एका व्यवसायाचा एक प्रतिनिधी’ या जुन्या दंडकाचा हा विसरलेला अर्थ आहे. वीस मिनिटांचे भाषण ही त्या दडलेल्या माहितीची किल्ली होऊ शकते. मात्र त्यासाठी वक्त्याने प्रश्न घेऊन गेले पाहिजे.

६) ज्यांना आमंत्रण जात नाही :

वक्त्यांच्या निवडीकडे पाहिले असता काही उणिवा जाणवतात. डॉक्टर, गुंतवणूक-सल्लागार, व्यक्तिमत्त्व-विकासाचे प्रशिक्षक आणि प्राध्यापक यांची नावे पुनःपुन्हा येतात. यांतील काहींचे भाषण म्हणजे त्यांच्या व्यवसायाची जाहिरातच असते. हर्बर्ट टेलर यांनी १९३२ मध्ये तयार केलेली आणि रोटरीने १९४३ मध्ये स्वीकारलेली चतुःसूत्री कसोटी सत्य, न्याय, सद्भाव आणि सर्वांचे हित यांची विचारणा करते. सभेच्या आरंभी जी म्हटली जाते, ती कसोटी व्यासपीठावरील भाषणालाही लावण्यास प्रत्यवाय नसावा.

याउलट २००५ पासून ग्रामीण आरोग्य अभियानात काम करणारी आशा कार्यकर्ती, नगरपालिकेचा सफाई कामगार, पाणीपुरवठ्याचा व्हॉल्व्ह सोडणारा कर्मचारी यांना क्वचितच बोलाविले जाते. बोलाविलेच तर सत्कारासाठी. शाल देऊन त्यांना खाली बसविले जाते. गावातील कोणत्या वस्तीत बाळंतपण अजून घरी होते, कोणत्या गटारात काय साचते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते. त्यांना सभेत बोलण्याचा सराव नसेल, तर प्राध्यापकाने शेजारी बसून प्रश्न विचारावेत आणि त्यांनी उत्तरे द्यावीत, अशी योजना सहज करता येईल.

स्त्रियांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. अमेरिकेतील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८७ मधील निर्णयानंतर लायन्सने त्याच वर्षी आणि रोटरीने १९८९ मध्ये स्त्रियांना सदस्यत्व खुले केले. तरीही रात्री साडेनऊला संपणारी सभा अनेक अध्यापिकांना गैरसोयीची ठरते. २०२० नंतर ऑनलाइन सभांमुळे ही अडचण काही अंशी दूर झाली; पण त्याचबरोबर दूरच्या शहरातील ख्यातनाम वक्ता सुलभ झाल्याने गावातील वक्ता मागे पडण्याचा धोका निर्माण झाला. दूरच्या वक्त्याजवळ गावातील विहिरींचा तक्ता नसतो.

७) अध्यापकांसाठी काही विचार :

विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ मध्ये अध्यापन व संशोधन यांच्या बरोबरीने विस्तारकार्य हे उच्च शिक्षणाचे तिसरे अंग मानले. नॅकच्या मूल्यांकनातही विस्तारकार्यास स्थान आहे. व्यवहारात मात्र विस्तारकार्य म्हणजे छायाचित्र, प्रमाणपत्र व अहवाल असे समीकरण रूढ होत चालले आहे. क्लबमधील भाषणाचेही आभारपत्र फाइलमध्ये जाते आणि विषय संपतो. यात बदल व्हावा म्हणून पुढील बाबी सुचवाव्याशा वाटतात.

१. आमंत्रण स्वीकारतानाच प्रत्यक्ष भाषणासाठी किती वेळ मिळेल हे विचारावे आणि त्याच्या निम्म्या वेळेची तयारी करावी. उरलेला वेळ श्रोत्यांचा.

२. सदस्यांचे व्यवसाय आधी जाणून घ्यावेत. आपल्या विषयाशी कोणाचा धंदा कोठे जुळतो, हे पाहूनच उदाहरणे निवडावीत.

३. भाषणात मराठी परिभाषा सोपी ठेवावी. विषयाचा आवाका दाखविण्याचा मोह टाळून एकच मुद्दा पूर्ण करावा.

४. शेवटी एक लहान, त्या वर्षात पार पडेल अशी मागणी करावी. केवळ निधी मागू नये; माहिती, जागा, वेळ, ओळख यांपैकी काहीतरी मागावे.

५. भाषणाला दोन विद्यार्थ्यांना सोबत न्यावे. पुढील संपर्काची जबाबदारी त्यांच्याकडे सोपवावी आणि सहा महिन्यांनी काय झाले, ते क्लबला एका पानात कळवावे.

समारोप :

सेवा-क्लबच्या सभेतील अतिथी वक्ता ही प्रथा मूलतः निरनिराळ्या व्यवसायांतील माणसांनी एकमेकांना आपले काम समजावून सांगण्याच्या गरजेतून निर्माण झाली. कालौघात तिच्यातील देवाणघेवाण मागे पडून सत्काराचा भाग वाढला. व्याख्यानमालेप्रमाणे तिच्यात जिज्ञासू श्रोता आयता मिळत नाही. परंतु एरवी महाविद्यालयाच्या फाटकातून आत न येणारा श्रोता तेथे भेटतो आणि त्याच्याजवळ आपल्याला हवे असलेले काहीतरी असते. हेलन केलर यांच्यासारखे भाषण प्रत्येकाला साधणार नाही. पण आपल्या विषयातला एक खरा प्रश्न आणि एक आवाक्यातली मागणी घेऊन जाणे प्रत्येक अध्यापकाला शक्य आहे. पुढच्या गुरुवारचा दूरध्वनी येईल तेव्हा ‘कशावर बोलू?’ याच्या आधी ‘त्यांना काय विचारू?’ हा प्रश्न आपण स्वतःला केला, तर त्या वीस मिनिटांचे चीज होईल.